दरवाज्याचं तोरण

आश्विन शुद्ध दशमी, साल १९६४. सकाळी अंगण झाडून झाल्यावर मी तोरण ओवायला बसले. हे घराच्या उंबऱ्याचं तोरण नव्हे. शिरगावच्या किल्ल्याच्या दरवाज्याचं. त्याला साधी सुतळी पुरत नाही, काथ्याची जाड दोरी लागते. तिच्यात आंब्याची पानं, झेंडू आणि मधूनमधून नव्या भाताच्या लोंब्या. बोटं सोलवटतात. सासूबाई असताना आम्ही दोघी बसत असू. त्यांच्या मागे मी एकटीच.

दसऱ्याला गाव सोनं लुटायला त्या दरवाज्यातून बाहेर पडे. त्याआधी जुनं तोरण उतरवून नवं चढवायचा मान आमच्या घराचा होता. यजमान होते तोवर ते चढवत. ते गेल्यावर मुलगा चढवू लागला. ओवायचं काम बाईचं, चढवायचं पुरुषाचं. माझ्यासारख्या विधवेनं तर शिडीला हातसुद्धा लावायचा नाही.

मानाचं मला फारसं काही नव्हतं. मान काही चुलीवर शिजत नाही. पण त्या तोरणासाठी मुलगा वर्षातून एकदा घरी येई. तो मुंबईला नोकरीला. दिवाळीला सासुरवाडीला पुण्याला जाई, मे महिन्यात सून मुलांना घेऊन तिथेच. दसरा तेवढा माझा. मान दुसऱ्या घरी गेला, की त्याला यायचं कारण उरणार नव्हतं. चुलत दिराचा त्यावर डोळा होता हे मला माहीत होतं. त्याला तीन धडधाकट मुलगे, तिघेही गावात.

मुलगा सकाळच्या बसनं आला नाही. मी जेवण झाकून ठेवलं, तोरण टोपलीत घेतलं आणि दुपारीच दरवाज्यापाशी जाऊन बसले. बस तिथून दिसते.

एरवी त्या दरवाज्यातून मी शंभर वेळा गेले असेन, पण तिथे थांबायचं काम कधी पडलं नव्हतं. भिंत इतकी जाड की आत शिरल्यावर उन्हाचा पत्ता नाही. कमानीच्या दगडांत वडाची रोपं रुजलेली. दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, त्यांत बकऱ्यांच्या लेंड्या. वर खुंटीला मागच्या वर्षीचं तोरण, वाळून काळं पडलेलं. गाव जेवून आडवं झालं होतं. समुद्राचा आवाज येत होता, माणसाचा नाही. टोपली मांडीवर घेऊन मी देवडीत बसले. पानं कोमेजू नयेत म्हणून मधूनमधून पाणी शिंपडत होते. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बाजाराहून परतणारी एक कोळीण सावलीला म्हणून टेकली. तिची पाटी रिकामी होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "कोनाची वाट बघतंस गो बाय?"

"मुलाची. मुंबईहून यायचाय."

"आज? आज कसा येल? माजा पोर गोदीत हाय, त्याला सुटी उद्या."

"दसरा आज आहे."

"आपला आज. सरकारचा उद्या." ती हसली. "औंदा रावनाला दोनदा मरायला लागंल."

मला हसू आलं नाही. नवमी सकाळीच संपत होती, म्हणून आमच्या भटजींनी पंचांग बघून दसरा आजचा धरला होता. गावात हे सगळ्यांना ठाऊक. मुंबईत माणूस भिंतीवरच्या तारखेचा तांबडा आकडा बघतो. मुलगा उद्या येणार होता, सुट्टीला जोडून रजा घेऊन, अगदी वेळेवर. त्याला कळवावं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दसरा कधी, हे का कुणाला कळवायचं असतं?

दुपारची बस आली. दोन माणसं उतरली, दोन्ही परकी.

उन्हं कलताना गाव जमू लागलं. नवे कपडे, हातात आपट्याच्या डहाळ्या. चुलत दीर पुढे आला. मागे थोरला मुलगा, खांद्यावर शिडी.

"वहिनी, पोर नाय आला?"

"उद्या येतोय. त्याला सुट्टी उद्या आहे." आणि मग जे बोलायचं नव्हतं तेही बोलले. "एक दिवस जुनंच राहू द्या ना. उद्या सकाळी चढवेल तो."

मागे कुणीतरी फिदकन हसलं. दीर म्हणाला, "दसरा काय त्याच्या रजेसाठी थांबंल? आनि मी सांगून ठेवतो, ज्याच्या हातानं आज चढंल, त्याच्याच घरचा मान पुढं. मागनं भांडू नका."

मी भटजींकडे पाहिलं. ते आकाशाकडे बघत होते. लहान मुलं कंटाळून एकमेकांना डहाळ्यांनी मारत होती. एका बाईच्या कडेवरचं पोर भुकेनं रडायला लागलं. माझ्या एका मुलासाठी सगळ्या गावाला ताटकळत ठेवणं बरं दिसत नव्हतं.

"तुमचं तोरण आणलंय?" मी विचारलं.

"हाय. जरा बारीक झालंय."

"मग राहू द्या ते. हे लावा."

मी टोपली त्याच्या हातात दिली. त्याला ते अपेक्षित नव्हतं. "बरं, वहिनी," एवढंच म्हणाला. थोरला शिडीवर चढला. तोरण डावीकडे उतरतं लागत होतं. मी खालून सांगितलं, त्यानं ओढून नीट केलं. लोक वाजतगाजत बाहेर पडले. मी घरी आले. संध्याकाळी सोनं द्यायला दोन घरची माणसं आली आणि उंबऱ्यावरूनच गेली. मुलासाठी झाकून ठेवलेला भात मीच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं मुलगा आला. दरवाज्यातूनच आला होता, वर चढलेलं नवं तोरण बघून आणि मान गेल्याचं लोकांकडून ऐकून, त्यामुळे सांगायचं काही उरलं नव्हतं. पाय धुऊन ओटीवर बसला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "म्हणजे आता दसऱ्याला यायची तशी गरज नाही."

त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. त्यात त्याचं चुकलं असं नाही. रात्रीचा प्रवास, वर रजेची विनवणी.

"गरज नाही," मी म्हटलं. "पण मला तू आलेला हवा असतोस. तोरण असो नसो."

असलं काही मी त्याला कधी बोलले नव्हते. त्यानं उरलेला चहा संपवला आणि म्हणाला, "बघतो."

दुपारच्या बसनं परत जाणार होता. मी आत गेले, दोन माणसांचे तांदूळ धुतले आणि चुलीवर आधण ठेवलं.