तांबडं, हिरवं, पिवळं

राधाकिशनदादांची गोष्ट मी सांगावी, हे आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना आवडणार नाही. "जिनं घालवलं, तीच आता गुण गातीय," म्हणतील. म्हणू देत. खोटं कुठंय त्यात? माझी जीभ कशी आहे हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. आज ती माझ्यावरच चालू दे.

मी सत्यशीला. पालीवरून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथल्या वाचनालयात मी एकोणीस वर्षं ग्रंथपाल होते. दोन खोल्या, वर पत्रे, चार कपाटं, दारात कडुलिंब आणि त्याच्याखाली एक बाकडं. राधाकिशनदादा तिथले शिपाई. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. तरुणपणी ऊस तोडायला जायचे. डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढताना पडले आणि कंबर कामातून गेली. मग आमचे अध्यक्ष विठ्ठलराव यांनी त्यांना वाचनालयात चिकटवलं. झाडलोट करायची, पाणी भरायचं, पेपर मांडायचे, एवढंच काम. पण कुणी कुठलं पुस्तक न्यायचं, हे मात्र गावात दादाच ठरवायचे. माझ्याकडं लोक फक्त सही करायला यायचे.

एकच पुस्तक मागितलं तर ते देतच नसत. "नुसती भाकर गिळती व्हय? कोरड्यास लागतं, ठेचा लागतो," म्हणायचे आणि तीन पुस्तकं हातात ठेवायचे. एक इतिहासाचं, एक विज्ञानाचं, एक विनोदी. इतिहासाला तांबडं कापडी कव्हर, विज्ञानाला हिरवं, विनोदाला पिवळं. नवीन पुस्तक आलं की ते कशाचं, एवढं दादा मला विचारून घ्यायचे. कव्हरं त्यांच्या घरी केसरबाई, म्हणजे त्यांची बायको, शिवायच्या. जुनी लुगडी, खण, कुणाचा फाटका फेटा, मिळेल त्या कापडाची. त्यामुळं एकाचं कव्हर दुसऱ्यासारखं नसायचं. किल्ल्यांचं पुस्तक म्हणजे काठाचं तांबडं. साप-विंचवांचं म्हणजे ठिपक्यांचं हिरवं. गावात पुस्तकाचं नाव कुणी घेतच नसे. "दादा, ते चौकडीचं हिरवं आलं का?" असंच विचारायचे. मला त्याचा राग यायचा. अरे, पुस्तकाला नाव असतं, लेखक असतो, नंबर असतो!

आणि एक नियम. पुस्तक परत आणलं की बाकड्यावर बसून त्यात काय होतं ते दादांना सांगायचं. सांगितल्याशिवाय पुढचं मिळणार नाही. दादा डोळे मिटून ऐकायचे आणि सांगणारा थांबला की म्हणायचे, "मंग?" त्या 'मंग'नं भलेभले अडकायचे. विठ्ठलरावांनी एकदा बखर नेली. ऐकताना 'वखर' ऐकलं होतं, त्यांना वाटलं शेतीचं काहीतरी असेल. महिन्यानं आले आणि बाकड्यावर बसून म्हणाले, "राधाकिशन, लेका, वखराचं त्यात नावसुदिक न्हाई. पण लढाई लई जोरात हाय बे!" दादा म्हणाले, "मंग?" आणि अध्यक्षांनी तासभर लढाई सांगितली, बाकड्यावर हात आपटून.

चंद्रभागाबाईंचे मालक गेले तेव्हा त्या चार महिने कुणाशी बोलत नव्हत्या. त्यांना दादांनी तांबडं आणि हिरवं दिलं, आणि पिशवीत तळाशी एक पिवळं ठेवलं. "ते ऱ्हाऊ द्या खाली. लागलं तर हाय," एवढंच म्हणाले. मी दादांना झापलं, दुःखातल्या बाईला विनोदी पुस्तक देता, काही रीतभात? दीड महिन्यानं चंद्रभागाबाई बाकड्यावर बसून त्या पिवळ्यातला किस्सा सांगत होत्या आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी आत बसून ऐकलं. दादांना चांगलं म्हणायला माझं तोंड काही उघडलं नाही.

मला वाटायचं, काय माणूस आहे! सगळी कपाटं वाचून बसलाय आणि वर लोकांची परीक्षा घेतोय. पेपर वाचून दाखवा म्हटलं की मात्र त्यांचा चष्मा घरी राहिलेला असायचा. चौदा वर्षं चष्मा घरीच राहिला, आणि मला शहाणीला एकदाही शंका आली नाही.

एकदा मी रजिस्टर लिहीत होते. दादा झाडू हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, माजा एक चुलतभाऊ हाय. माज्याच वयाचा. त्याला लिवाय-वाचाय शिकायचंय म्हनतो. जमंल का आता?"

मी मानही वर केली नाही. म्हटलं, "अहो, या वयात कशाला? पालथ्या घड्यावर पाणी."

"तसंच की," म्हणाले आणि अंगण झाडायला गेले.

दोन हजार अठराची दिवाळी. वाचनालय 'क' वर्गातून 'ब' वर्गात जायची संधी होती आणि महिन्याभरात तपासणी येणार होती. मला तर 'ब'चं वेडच लागलं होतं. तपासणीला साहेब येणार आणि आमची पुस्तकं अशी लुगड्या-फेट्यांत गुंडाळलेली? दिवाळीच्या सुट्टीत दादा केसरबाईंना घेऊन लेकीच्या गावी, कड्याला, गेले. मी पुतणीला मदतीला घेतलं आणि चार दिवसांत सगळ्या कपाटांना हात घातला. कापडी कव्हरं उतरवली. सातशे पुस्तकांना एकसारखं खाकी कव्हर, त्यावर काळ्या शाईनं नाव आणि नंबर. अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात. रजिस्टरांनासुद्धा तीच खाकी कव्हरं घातली. कापडाचं बोचकं बांधून मोरीपाशी ठेवलं, फरशी पुसायला होईल म्हणून. कपाटाची दारं उघडून लांबून पाहिलं. एका रेषेत सगळं. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू.

भाऊबीज झाली की आमच्याकडच्या टोळ्या कारखान्यांवर निघतात. निघायच्या दिवशी ऊसतोडीची माणसं वाचनालयात यायची. सहा महिन्यांसाठी प्रत्येक घराला तीन पुस्तकं, फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, वाचायला. हाही दादांचाच रिवाज. दादा आदल्या रात्रीच लेकीकडून परतले होते. त्या सकाळी वाचनालय उघडलं तर दारात ट्रॅक्टर उभा, पोराबाळांनी आणि भांड्यांनी भरलेला, आणि आत वीस-पंचवीस माणसं. सगळ्यांत पुढं बबिता. सातवी शिकलेली, दरसाली तिन्ही पुस्तकांचा फडशा पाडणारी. म्हणाली, "दादा, लवकर द्या. डायव्हर बोंबलाय लागलाय. एक तांबडं, एक हिरवं, एक पिवळं."

दादा कपाटासमोर गेले आणि उभेच राहिले.

आज माझ्या डोळ्यांपुढं ती पाठ येते. एका पुस्तकाला हात लावला, मागं घेतला. दुसरं काढलं, हातावर तोललं, परत ठेवलं. मला वाटलं, नव्या कव्हरांवर रुसलेत. मी मुद्दाम बोलले नाही. शेवटी तीन काढून त्यांनी बबिताला दिली.

तिनं पाहिलं. "दादा, तिन्ही लढायाचीच हायती की. हसायचं कुठंय?"

त्यांनी परत घेतली, दुसरी दिली. बबितानं वरचं उघडलं आणि फिसकन हसली. "आता गं बया! ह्ये तर मॅडमचं रजिष्टर हाय!"

सगळी हसली. वाईट कुणी हसलं नव्हतं, दादा गंमत करतायत असंच वाटलं त्यांना. पण माझं डोकं सणकलं. चार दिवस राबून मी अक्षर न् अक्षर कोरलं होतं आणि हा माणूस सगळ्यांसमोर त्याची थट्टा करतोय! मी खुर्चीवरून उठले आणि ओरडले, "एवढ्या मोठ्या अक्षरात नावं लिहिलीत ना? डोळे फुटलेत का? वाचता येत नाही का तुम्हाला?"

आता हे काय, आपण रोज कुणाला तरी म्हणतो. त्याचं उत्तर कुणी देत नाही.

दादा वळले. म्हणाले, "न्हाई येत, मॅडम."

बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता. बबितानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हळूच म्हणाली, "दादा, मला कंचं बी चालंल. द्या."

"कंचं बी द्यायचं नसतं, बाय," दादा म्हणाले. त्यांनी कनवटीची किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली. मोरीकडं पाहिलं. "तेवढं बोचकं नेऊ का? केसरची लुगडी हायती." मी मान हलवली. ते गेले, माणसंही गेली. त्या साली टोळीसोबत एकही पुस्तक गेलं नाही.

मला पश्चात्ताप झाला म्हणाल, तर तेव्हा नाही. तेव्हा राग आला. चौदा वर्षं फसवलं मला! माझ्या वाचनालयात, माझ्या नाकासमोर! येतील चार दिवसांनी, म्हटलं. ते आले नाहीत. तपासणी झाली, 'ब' वर्ग मिळाला. विठ्ठलरावांनी शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला, फोटो काढला. बाकड्यावर तेव्हा एक कुत्रं झोपलेलं होतं. लोक येत, खाकी पुस्तक घेत, सही करत आणि जात. परत आणलेलं पुस्तक माझ्यापुढं ठेवताना एखादा जरा घुटमळायचा. मी विचारायची, "काय हवंय?" "काय न्हाई," म्हणायचा.

संक्रांतीनंतर मी त्यांच्या घरी गेले. दादा शेळीला पाला घालत होते. केसरबाईंनी मला पाट दिला, चहा टाकला. मी म्हटलं, "चला दादा, झालं गेलं विसरा. कव्हरं परत घालू. आणि मी तुम्हाला वाचायला शिकवते."

"चुलतभावासाठी इचारलं हुतं तवा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "कव्हराचं काय न्हाई, मॅडम. लोकांला वाटायचं, ह्याला सगळं येतंय, ह्यो आपली तपासनी घेतोय. म्हनून जीव लावून वाचायचे, न् नीट सांगायचे. आता मला सांगतेल, पन कीव करून सांगतेल. तसलं ऐकाय बरं न्हाई वाटत."

चहा झाला. उठले तेव्हा ते दारापर्यंत आले आणि जरा लाजत म्हणाले, "एक इचारू? ते चौकडीचं हिरवं हाय ना, आभाळाचं. मेंढरंवाला अंगद निम्मं सांगून गेलता दिवाळीआधी, कळप घिऊन. त्यात एक जन शेंडेनक्षत्राचं गनित मांडतो, की ह्ये परत अमक्या साली येनार. मंग? आलं का ते? त्याला दिसलं का?"

ते पुस्तक मी वाचलं नव्हतं. कपाटातली निम्म्याहून जास्त मी वाचली नव्हती. माझ्या हातून सातशे पुस्तकांवर नावं लिहिली गेली होती, आणि त्या पुस्तकाचं मला आठवत होतं ते एवढंच. मी म्हटलं, "पाचशे बारा नंबरचं आहे ते."

"व्हय का," दादा म्हणाले.

"वाचून सांगते तुम्हाला. आठ दिवसांत येते."

आठ दिवसांत गेले नाही. खरं सांगू? लाज वाटत होती. रोज ते पुस्तक घरी न्यायची, रोज परत आणायची. गेले ती गुढीपाडव्यानंतर. पुस्तकाला मी घरीच चौकडीच्या हिरव्या कापडाचं कव्हर शिवलं होतं, वेडंवाकडं. अंगणात बाजेवर बसून मी दादांना सगळं पुस्तक सांगितलं, पहिल्यापासून. इतकं मन लावून मी आयुष्यात काही सांगितलं नसेल. सांगितलं की ते शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, परत आलं, अगदी गणित मांडणाऱ्यानं सांगितलेल्या साली आलं. पण तो माणूस त्याच्या सोळा वर्षं आधीच वारला होता. त्याला दिसलं नाही.

आणि मी थांबले. मुद्दाम थांबले, जशी माणसं बाकड्यावर थांबायची तशी. अजून पुढचं बरंच राहिलं होतं, ते त्यांनी विचारावं म्हणून मी वाट बघत होते.

दादांनी डोळे मिटलेले नव्हते. पाहुण्याकडं बघावं तसं ते माझ्याकडं बघत होते. "बरं झालं सांगितलं, मॅडम," म्हणाले, आणि आत वळून हाक मारली, "केसर, मॅडमला च्या ठेव."

त्याला आता सहा वर्षं झाली. मी रिटायर झाले. दादा अजून आहेत, रस्त्यात भेटले की हात जोडतात. त्या पुस्तकाचं पुढचं मी त्यांना सांगायला कधीही तयार आहे. पण 'मंग' ते मला म्हणत नाहीत.