सिद्धोधन सरांची पासांची वही

सिद्धोधन सरांना मोजायची खोड आहे. ताडकळसच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवतो, ते गणित शिकवतात आणि मुलींचा फुटबॉल संघही त्यांच्याच गळ्यात पडलाय. स्वतः त्यांनी जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. पण जिंकणारा संघ जास्त पास देतो, असं कुठंतरी वाचलं आणि सरांनी पास मोजायला लगेच दोनशे पानी वही केली.

रोज परिपाठात सुविचार झाला की सर आकडे वाचत. सुकेशनी चाळीस, नीलम अडतीस. टाळ्या. सगळ्यात शेवटी चंदा, सहा. तिला कुणी टाळी वाजवत नसे. पोरगी मान खाली घालून उभी राही, मला ते बघवत नसे.

मग व्हायचं तेच झालं. गोल समोर मोकळा असला तरी मुली चेंडू एकमेकींकडेच ढकलत बसल्या. वहीतले आकडे चढत गेले आणि संघ लागोपाठ चार सामने हरला. शेवटी मुख्याध्यापिका शुभदा मॅडमनी बजावलं, पूर्ण्याचा सामना हरलात तर खेळाचा तास स्कॉलरशिपच्या वर्गाला. त्या दुपारी सरांनी डबा उघडला नाही.

पूर्ण्याला मीही गेलो. चंदा बाहेर बसवलेली. मध्यंतराला शून्य-शून्य. तिची आजी भागुबाई शेळ्या शेजारणीच्या हवाली करून आली होती. ती सरळ सरांपुढे उभी राहिली.

"सर, तुमी मघापासून लिहायलाव. जाळीकडं चेंडू किती बारी मारला, ते लिवलंय का?"

सरांनी पानं चाळली. तो रकानाच नव्हता. आठवून मोजलं तर एकदा, तोही चुकून.

"शेळ्या दिसभर फिरवल्या अन् चारल्याच न्हाईत, तर दूध कुठून येईल?" भागुबाई म्हणाली.

सरांनी वही मिटली. मग त्यांनी चंदाला विचारलं, "तू पास का देत नाहीस गं?"

"गोल दिसला की मारू वाटतं, सर. पण तुमी रागावताल."

"नाही रागावत. जा."

चंदाने पाच फटके मारले. चार भलतीकडं गेले, एक तर शेजारच्या कपाशीत. पाचवा जाळीत गेला. आम्ही जिंकलो, तास वाचला.

दुसऱ्या दिवशी परिपाठात सर वहीशिवाय उभे राहिले. "आकडे बरोबर होते. मी मोजत होतो तेच चुकीचं होतं. चंदा, पाच फटके, एक गोल."

टाळ्या थांबेनात. चंदा पहिल्यांदाच मान वर करून उभी होती आणि माझे डोळे भरून आले. तेवढ्यात आमची गोलरक्षक नीलम माझ्या कानाशी लागली.

"सर, आता सिद्धोधन सर फटके मोजणार का? मंग मी जाळीत कशाला थांबू?"