पितृपक्षात सही नाही

आमच्या बास्केटबॉल संघाचा नवा मालक बिल्डर होता, आणि संघ विकत घेतला त्या दिवसापर्यंत त्याने या खेळाचा एकही सामना पूर्ण पाहिलेला नव्हता. आधीच्या मालकानेही फारसे पाहिले नव्हते, पण तो निदान गप्प बसायचा. हा बोलायचा. ऑफिसात आम्ही सगळे त्याला साहेब म्हणायचो. इथे मी त्याला अरेतुरे करणार आहे, तेवढं सुख मला राहू द्या.

गणपतीच्या दिवसांत त्याने अंधेरीच्या आपल्या काचेच्या ऑफिसात आम्हाला बोलावलं, मोदकांची प्लेट पुढे सरकवली आणि विचारलं, "आपल्या पोरांची उंची किती? सरासरी सांगा." मी संघाची मॅनेजर. त्याआधी कितीतरी वर्षं स्वतः खेळलेली, मुलुंडच्या सिमेंटच्या कोर्टावर गुडघे सोलून घेतलेली. मी सांगितली. त्याचं तोंड असं पडलं, जसं काही मी त्याच्या इमारतीचे दोन मजले महापालिकेला पाडायला दिले होते.

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोसम संपला की संघांचे खरेदीचे दिवस सुरू होतात. ज्या खेळाडूचा करार संपला तो मोकळा. त्याने कुठल्याही संघाशी बोलावं, जिथे जमेल तिथे सही करावी. त्याला फ्री एजंट म्हणतात. मालकाला हा शब्द फारच आवडला होता. तो फोनवर, लिफ्टमध्ये, जेवताना फ्री एजंट फ्री एजंट करत फिरायचा. त्याने भिंतीवर एक पडदा सोडला आणि त्यावर आपली योजना दाखवली. वर दोन परदेशी खेळाडू, त्यांच्याखाली तीन उंच भारतीय, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात 'बाकी'. आमचा कॅप्टन त्या 'बाकी'त होता.

कॅप्टन घाटकोपरचा. चाळीतल्या दोन खोल्यांत वाढलेला, उंचीने बेताचा, संघाचा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन बाकीच्यांना देणारा, आणि त्याच्या हातात चेंडू आला की समोरच्या उंच माणसांना आपले पाय जास्तच लांब झालेत असं वाटायला लागायचं. चौतिशीला आलेला. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या. आता फार तर एक मोसम, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तो एक मोसम त्याला घरच्या मैदानात खेळायचा होता. त्याची मुलगी आता कुठे सामना कळण्याएवढी मोठी झाली होती. "तिने एकदा तरी सगळं वर्ष बघावं ना, ताई," तो मला म्हणाला होता. दक्षिणेतल्या एका संघाने त्याला विचारलं होतं. त्यांना त्याने थांबवून ठेवलं होतं.

त्याची एक अडचण होती आणि ती मी मालकाला पहिल्याच दिवशी सांगितली. कॅप्टन सरकारी बँकेत खेळाडूंच्या कोट्यातून लागलेला. लीग खेळायची तर बँकेची खास रजा लागते, आणि रजेच्या अर्जाला सही झालेला करार जोडावा लागतो. करार नाही तर रजा नाही. रजा नाही तर मोसमभर काउंटरवर बसून लोकांची पासबुकं छापून द्यायची. अर्जाची शेवटची तारीख महिनाअखेर होती.

"अरे, तो आपला माणूस. फिक्स समजा," मालक म्हणाला. नंतर त्याने कॅलेंडरकडे पाहिलं. विसर्जन दोन दिवसांवर आलेलं, करार अजून लिहायचे होते. त्यानंतर पितृपक्ष, आणि महिनाअखेरीलाच सर्वपित्री अमावास्या. "फक्त सह्या आपण घटस्थापनेला करू. सगळ्यांच्या एकदम. फोटो, पेढे, सगळं झकास. पितृपक्षात नवीन काही करायचं नाही."

घटस्थापना म्हणजे कॅप्टनची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. मी ते बोटाने कॅलेंडरवर दाखवलं. "एका दिवसाने काय होतंय, मॅडम?" तो म्हणाला. शेजारी त्याचे गुरुजी बसले होते. हे गुरुजी प्रत्येक बैठकीला असत आणि मोदक मोजून खात नसत. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

बँकेत मुदत वाढवून मिळते का, हे कॅप्टनने विचारून पाहिलं. मिळत नव्हती. मग मी त्याला घेऊन अंधेरीला गेले. रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून बसून आमची जेवणाची वेळ टळली. शेवटी आत बोलावलं तेव्हा मालक मोबाइलवर कसलीशी टाइल निवडत होता. निवडता निवडताच बोलला.

"सर, आमच्यात पितृपक्ष नसतो," कॅप्टन म्हणाला. "आम्ही बौद्ध. माझ्या बाजूने काहीच प्रॉब्लेम नाही."

"पण माझ्यात असतो ना रे! कागदावर माझी पण सही लागणार." मालकाची नजर टाइलवरच होती. "तू टेन्शन घेऊ नको. शब्द दिला ना?"

खरं सांगायचं तर हे उत्तर मला थोडं पटलं. आमच्या घरीही पक्ष पाळतात. वडिलांच्या तिथीला आई गच्चीवर पान ठेवते आणि कावळा येईपर्यंत कोणाला ताटावर बसू देत नाही. त्या पंधरवड्यात ती साडी घेत नाही, नवं भांडं घेत नाही. माणसाची श्रद्धा असेल तर तिला हसणारी मी नाही. पण संध्याकाळी हा सगळा प्रकार मी आईला सांगितला तेव्हा ती वड्याचं पीठ मळता मळता थांबली. "पितर काय तुझ्या सायबाचे कागद वाचूक येतले?" ती आपल्या मालवणीत म्हणाली. "तेंका वडे व्हये." आणि पुन्हा मळायला लागली. सल्ल्याचे पैसे घेणाऱ्या गुरुजींपेक्षा तिचं धर्मज्ञान मला जास्त पक्कं वाटलं.

पंधरवडा सुरू झाला आणि बाजारातला माल उठायला लागला. बाकीच्या संघांना पितर नव्हते की काय कोण जाणे. मालकाच्या पडद्यावरचे तीन उंच भारतीय होते, त्यातला एक पहिल्याच आठवड्यात उत्तरेतल्या संघाने उचलला. दुसऱ्याने पंजाबात सही केली आणि हसरा फोटो टाकला. तिसऱ्याने तर आमचा फोन घेणंच बंद केलं. मी प्रत्येक वेळी मालकाला कळवायची. तो म्हणायचा, "जाऊ दे, चांगल्या मुहूर्तावर चांगली माणसं येतात." मी मनात म्हणायची, ये बाबा मुहूर्ता, आता तूच बास्केटखाली सेंटर म्हणून उभा राहा. दक्षिणेच्या संघाने कॅप्टनला शेवटचं कळवलं होतं: अमावास्येपर्यंत थांबतो, मग दुसरा घेतो. कॅप्टन रोज फोन करून विचारायचा, "ताई, काही हलतंय का?" काही हलत नव्हतं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी मी शेवटचं सांगून बघावं म्हणून अंधेरीला गेले. मीटिंग रूमचं दार उघडलं तर समोरच्या मोठ्या स्क्रीनवर एक अगडबंब परदेशी माणूस हसत होता. मालक टॅबलेटवर बोटाने सही करत होता. सही झाली, टाळ्या झाल्या, स्क्रीनवरच्या माणसाने अंगठा दाखवला. गुरुजी शेजारीच होते आणि तेही टाळ्या वाजवत होते.

"आज पितृपक्ष आहे ना?" मी विचारलं.

मालकाने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी घसा खाकरला. "तो देश वेगळा, मॅडम. पितर समुद्र ओलांडत नाहीत. शिवाय ही पेनाची सही नाही. बोटाची आहे."

"मग कॅप्टनचीही बोटाची करू. आत्ता. मी त्याला फोन लावते."

मालकाने टॅबलेट उलटा ठेवला. "ते नंतर बघू," तो म्हणाला. "एखादा उंच गार्ड मिळतोय का ते बघतोय मी. मिळाला तर जागा मोकळी हवी ना?"

म्हणजे पितरांना बिचाऱ्यांना उगाच मध्ये ओढलं होतं. शब्द देऊन माणूस अडकवून ठेवायचा, तोवर दुसरा शोधायचा, आणि कोणी विचारलं की स्वतःच्या आजोबा-पणजोबांना पुढे करायचं. स्वतःच्या मेलेल्या माणसांचा असा वापर करताना मी आजवर कोणाला पाहिलं नव्हतं. त्या क्षणी मला त्या माणसाची इतकी किळस आली की समोरचं पाणीही मी प्यायले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी घाटकोपरला कॅप्टनच्या बँकेच्या कॅन्टीनमध्ये गेले आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने डबा उघडला होता, तो तसाच राहिला. दक्षिणेच्या संघाने सही करून पाठवलेला करार छापून त्याने खिशात ठेवला होता. तरीही तो म्हणाला, "एकदा बोलून बघतो." त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"सर, आज सही करता येईल का?"

"आज? अरे, आज सर्वपित्री! वेडा झालास का? उद्या सकाळी ये, पेढे खाऊ."

"सर, उद्या माझी मुदत संपलेली असेल."

"कसली मुदत?"

कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वेळा सांगून झालेली गोष्ट त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितली, शांतपणे, काउंटरवरच्या एखाद्या आजोबांना समजावावी तशी.

"हां हां. मी बोलतो तुझ्या बँकेत."

"कोणाशी बोलणार, सर?"

"बघू ना रे," मालक म्हणाला आणि फोन ठेवला.

"काय करू, ताई?"

"तुला खेळायचंय ना?"

"इथे खेळायचं होतं," तो म्हणाला. मग त्याने माझंच पेन मागितलं, करारावर सही केली, रजेचा अर्ज जोडला आणि वरच्या मजल्यावर बँकेच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये देऊन आला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. पोळी गार झाली होती, ती त्याने तशीच खाल्ली. मुलीला काय सांगायचं, एवढं एकच तो मला विचारत राहिला.

घटस्थापनेचा समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. झेंडू, फोटोग्राफर, केशरी पेढे. सही करायला समोर बसवलं ते खेळाडू कोण, तर आमच्यातलेच, ज्यांना त्या पंधरवड्यात दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं ते. उंच गार्ड मिळाला नव्हताच. कॅप्टन दुसरीकडे गेला हे मी मालकाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अमावास्येला सही केली? अवघड आहे पोराचं," आणि फोटोसाठी वळला.

मोसम सुरू झाला आणि आमची वाट लागली. परदेशी माणूस खरोखरच प्रचंड उंच होता आणि स्वभावानेही चांगला होता. त्याचा काही दोष नव्हता. बास्केटखाली तो हात वर करून उभा राहायचा, भर दुपारी रिक्षाला हात करावा तसा, आणि चेंडू काही त्याच्याकडे थांबायचा नाही. कारण तो चेंडू तिथपर्यंत पोचवणारा माणूस दक्षिणेत होता. आम्ही हरत गेलो. मालक दर सामन्यानंतर विचारायचा, "उंची तर आहे, मग होतंय काय?"

मग एके दिवशी दक्षिणेचा संघ आमच्याकडे खेळायला आला. हॉल अंधेरीचाच. कॅप्टनची बायको आणि मुलगी पाहुण्यांच्या बाजूला बसल्या होत्या. सबंध वर्षात त्या पोरीला घरच्या गावात बापाचा हा एवढा एकच सामना. मी आमच्या बाकाच्या मागे, मालकाच्या शेजारी. सगळ्यात स्वस्त तिकिटांवर आलेले घाटकोपरचे लोक आमचा झेंडा मांडीवर ठेवून कॅप्टनच्या नावाने ओरडत होते. तो तसा खेळला, जसा मी त्याला गेली दोन वर्षं पाहिला नव्हता. गुडघे दुखत होते, ते मला त्याच्या वळण्यावरून दिसत होतं. तरी तो आमच्या पोरांच्या मधून असा निघून जायचा की बिचारी एकमेकांकडेच बघत राहायची. दुसऱ्या कोणाला माहीत नसेल, पण त्यातल्या प्रत्येकाला चेंडू कसा धरायचा ते त्यानेच शिकवलं होतं.

मध्यंतरात मालक माझ्याकडे कलला. "मॅडम, तो कोण हो? तो बुटका. सात नंबर. काय खेळतोय! असा एक आपल्याकडे पाहिजे होता."

हा चेष्टा करतोय का, ते मी त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. करत नव्हता. मी त्याला नाव सांगितलं.

"घाटकोपरचा आहे," मी म्हटलं. "आपला कॅप्टन होता."

"आपला?" त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. तो खरोखरच चिडला होता. "मग त्याला सोडला कोणी?"

"तुम्ही."

तो मोठ्याने हसला, पलीकडे बसलेल्या पाहुण्याच्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "आमच्या मॅडम फार विनोदी आहेत."