ऐतवारचा गाडीवान

गाडी थांबवायची त्याची एक खास तऱ्हा होती. धुरेवरून खाली उडी, बैलांच्या पुढ्यात दोन ढांगा, उजवा हात आभाळाकडं, आणि मग अर्ध्या कोसावर ऐकू जाईल अशा आवाजात, "सहा दिवस सावकाराचे झाले. आजचा मालकाचा!" मालक म्हणजे प्रभू येशू. एवढं बोलून तो जू सोडायचा, आणि रस्ता थांबायचा.

रस्ता थांबायचा म्हणजे काय, हे आजच्या माणसाला समजायचं नाही. साता समुद्रापलीकडं अमेरिकेत लोकांची आपसात लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडं तोंड वासून बसल्या. आगगाडी अजून अकोल्याला पोचायची होती. तेव्हा अमरावतीचा सगळा कापूस आमच्यासारख्या गाडीवानांनी पश्चिमेला रुळांपर्यंत ओढून न्यायचा. गाडीला गाडी लागलेली. अमरावतीहून निघालेलं मांजर बोज्यांवरून उड्या मारत जमिनीला पाय न लावता अकोल्याला जाऊ शकलं असतं. एक गेलंही होतं, मी स्वतः पाहिलंय. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आणि गाडीवानांच्या कानात सोन्याच्या बाळ्या, असे ते दिवस. आणि काळ्या मातीतली चाकोरी एवढी खोल, की एक गाडी उभी राहिली तर मागच्या चारशेंनी उभंच राहायचं.

मग मागून जो शिव्यांचा पाऊस पडायचा! मीही पाडलाय. माझी गाडी नेहमी त्याच्या मागंच असायची. "का बे ऐतवाऱ्या," मी ओरडायचो, "तुह्या देवाले बाजूचं वावर दिसत नाही का? गाडी तिकडं घे ना!"

"देव बाजूले नाही सरकत," तो म्हणायचा. पोळपाटासारखी छाती, दोरखंडासारख्या मिशा. वाद घालायची सोय नव्हती.

अमरावतीच्या एका पाद्रीसाहेबाकडं त्यानं बाप्तिस्मा घेतला होता. साहेबाच्या ओसरीवर बैलांना पाणी पाजायला थांबायचा, थांबता थांबता ऐकू लागला, ऐकता ऐकता बदलला. म्हणजे त्याच्या मते बदलला. आमच्या मते पहिल्यासारखाच तापट होता, फक्त आता तापायला दैवी कारण मिळालं होतं. सोमवार ते शनिवार बैलांना तुतारीची, म्हणजे हाकायच्या काठीची, आर टोचायचा, घाटावर पाण्यासाठी मारामाऱ्या करायचा, आणि ऐतवारी हात वर.

त्याची बायको मात्र खरोखर देवमाणूस. नवऱ्यानं धर्म बदलला, भावकीनं पाणी तोडलं, तरी ती त्याच्याच घरी राहिली. "तुमचा देव तुमच्यापाशी, माहा माह्यापाशी. भाकर एकाच तव्यावरची," असं तिचं सरळ बोलणं.

तर एका उन्हाळ्यात तिच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. तिचं माहेर मूर्तिजापूरच्या अलीकडं, ऐन आमच्या रस्त्यावर. वऱ्हाडाची गाडी जवाईबापूंनी हाकायची असं ठरलेलं. दोन दिवस अगोदर आम्ही वाटेवरच्या एका बाजारगावातून पार झालो. आम्हा गाडीवानांचं पंचांग म्हणजे बाजार. अमक्या गावचा बाजार भरलेला दिसला की शुक्रवार, तमक्या गावचा दिसला की मंगळवार. आम्हाला बाजार दिसला, म्हणून शुक्रवार. मग परवा ऐतवार. हिशोब लख्ख.

लग्नाच्या सकाळी नवरा तयार, नवरी आणायला निघायचं, आणि हा पठ्ठ्या गाडीपुढं उभा, हात वर! "आज ऐतवार. मी नाही जुंपत."

सासऱ्यानं आधी हसण्यावारी नेलं. "अहो जवाईबापू, जोशीबुवा त आज सोमवार म्हनून राह्यले."

"जोशाचं पंचांग वायलं, माह्या मालकाचं वायलं."

"बाप्पा! वार बी वायले असतात का?"

दुसरी गाडी मिळेना. सगळ्या गावच्या गाड्या कापसावर लागलेल्या. शेवटी वऱ्हाड पायी गेलं आणि नवी नवरी शालू खोचून, वैशाखाच्या उन्हात, तीन कोस पायी सासरी आली. तिच्या तळव्यांना फोड आले होते. माझी गाडी मी दिली असती, पण माझं चाक त्याच दिवशी सुताराकडं होतं. हे मात्र खरं सांगतोय.

बायको आत गेली, भावजयीच्या पायांना हळद-तेल लावलं आणि बाहेर निरोप पाठवला, की मी आता इथंच राहीन.

परत अमरावतीला येईपर्यंत तो ताठ होता. बायको गेली, पण वार राखला! सरळ पाद्रीसाहेबाच्या ओसरीवर चढला आणि सगळी हकीकत सांगितली. मी खाली बैल धरून उभा. साहेब भला माणूस होता, उन्हानं टमाट्यासारखा झालेला. त्यानं शांतपणे सगळं ऐकलं, आत जाऊन एक वही आणली, बोटांवर दिवस मोजले, परत मोजले. मग हळूच म्हणाला, "भाऊ, तो सोमवार होता."

त्या बाजारगावच्या पाटलानं, कापसाच्या गाड्यांची गर्दी फार होते म्हणून, त्या आठवड्यापासून बाजार एक दिवस पुढं ढकलला होता. शुक्रवारचा शनिवार केला होता. आम्हाला कोण सांगणार?

मला एवढं हसू आलं, की बैलाच्या मानेत तोंड खुपसावं लागलं. पण वर पाहिलं आणि हसू गिळलं. तो एवढा मोठा गडी, बोजा सोडून दिल्यावर कापूस बसतो तसा पायरीवर बसला होता. साहेब रागावला नाही, काही शिकवलंही नाही. फक्त शेजारी बसला. तुम्ही कधी माणसाच्या आत काहीतरी कडाडकन मोडताना ऐकलंय? मी ऐकलं. आवाज होत नाही, तरी ऐकू येतं.

पुढच्या फेरीला सासरच्या गावी पोचताच तो गाडी बाजूला लावून (बाजूला! मी डोळे चोळले) पारापाशी गेला. माणसं बसली होती. पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "मी वार चुकलो. ऐतवार नव्हता, सोमवार होता. जोशीबुवा खरे. नव्या नवरीले मी उनात चालवलं. मले माफ करा."

सासरा विरघळला. म्हातारी माणसं लवकर विरघळतात. पण बायको दारात उभी होती, पदर खांद्यावर ओढून. ती तिथूनच म्हणाली, "वार चुकला म्हून माफी मांगून राह्यले. खराच ऐतवार असता त?"

ती एक पायरी खाली उतरली.

"सांगा ना. खराच असता त माह्या भावजयीनं चालायचंच होतं का?"

खोटं बोलला असता तर ती त्याच दिवशी गाडीत बसली असती, मला खात्री आहे. पण तो म्हणाला, "मले नाही मालूम." आणि पागोटं हातातच घेऊन परत आला.

तो प्रश्न त्यानं वर्षभर वागवला. मी गंमत म्हणून सांगत नाही, मला तो बोज्याखाली वाकलेला दिसायचा. पण वाकता वाकता माणूस काय काय उचलतो ते मी मागच्या गाडीवरून पाहिलं. आधी त्याची तुतारी गेली. एके सकाळी आर काढून टाकली आणि नुसत्या काठीनं बैल हाकू लागला. मग काठीही बैलांच्या मधे आडवी पडून राहायची, तो त्यांच्याशी बोलायचा. रोज चाकांना वंगण लावताना तोंडानं पुटपुटायचा. आधी मला वाटलं हिशोब करतो. जवळ जाऊन ऐकलं तर आम्हा गाडीवानांची नावं. एकेका आऱ्यावर एकेकाचं. माझं नाव आलं तेव्हा मी मुद्दाम खोकलो.

"माह्यासाठी काय मांगतं बे?"

"तुह्या तोंडाले कुलूप," तो म्हणाला. तो थट्टा करू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

घाटावर आता शेवटी पाणी घ्यायचा. कुणाचा आस मोडला तर सगळ्यांत आधी ह्याचा खांदा खाली. ऐतवार राखायचा, पण गाडी वावरात घेऊन, आणि मागचे चारशे पुढं निघून जाताना त्यांना मडक्यातून पाणी पाजायचा. जे शिव्या द्यायचे तेच आता, "ऐतवारबुवा, पानी!" म्हणून हाक मारायचे. आणि वार? आठवड्याला तीन माणसांना विचारायचा, त्यात एक जोशी हवाच! दर फेरीला सासरच्या दारापुढं थांबून बैलांना सावली द्यायचा आणि निघायचा. तिला बोलवायचा नाही. ती दारात यायची, पाहायची, आत जायची.

मग ती दुपार आली. खरा ऐतवार, तिघांनी सांगितलेला. आमच्या दोन गाड्या त्याच गावाबाहेर लिंबाखाली सोडलेल्या. मीही हल्ली त्याच्याबरोबर थांबू लागलो होतो, पाठदुखीसाठी. इतक्यात त्याचा साळा धावत आला. तोच, लग्नाचा नवरा.

"काय झालं, सांग."

"भाटवे, बायको अडली हाय. कालपासून. सुईन म्हन्ते माह्या हातचं नाही, मूर्तिजापूरच्या म्हाताऱ्या सुईनीपाशी न्या. गावात एक बैलजोडी नाही, सगळ्या कापसावर." मग मान खाली घालून म्हणाला, "आज ऐतवार हाय हे मालूम हाय मले."

त्या दिवशी त्या टापूत विसावलेल्या, ताज्या, पोटभर पाणी प्यालेल्या बैलांच्या दोनच जोड्या होत्या. का, ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या जोडीतला एक लंगडत होता.

तो उठला. एकेका बोज्याला दोन माणसं लागतात, ह्यानं एकट्यानं भिरकावले. कोंबड्या उडवाव्यात तसे! एक मात्र ठेवला, विळ्यानं उभा फाडला आणि सगळा कापूस गाडीत पसरला. सावकाराचा माल! त्या वर्षी विलायतेच्या राणीलाही एवढ्या महाग गादीवर झोपायला मिळालं नसेल.

"अरे, ऐतवार," माझ्या तोंडून निघून गेलं.

"मालूम हाय," तो जू ठेवत म्हणाला. "तीन जनाले इचारला."

ती पोर गाडीत निजली. तीच, तळव्यांना फोड आलेली. उशाशी ह्याची बायको, पायथ्याशी सुईण. मी आणि साळा मागून चालत. तो बैलांच्या पुढं, दोन्ही हात दोघांच्या मानेवर, खड्डा आला की मागं न पाहता "हळू, माह्या राजा, हळू". मी आयुष्यात हजार गाड्या हाकल्या आणि दहा हजारांच्या गप्पा हाणल्या, पण तशी चाललेली गाडी पाहिली नाही. चाकोरीतून गेली की चाकोरीवरून, देवास ठाऊक. मडक्यातलं पाणी हललं नसतं.

उमा नदीच्या काठाशी सुईण ओरडली, "थांबवा! पोर फिरलं!" गाडी थांबली. लुगडी आडवी धरली गेली. आम्ही तिघं पुरुष नदीकडं तोंड करून उभे. किती वेळ, सांगता येत नाही. मला माझ्या सगळ्या थापा आठवत होत्या आणि मी प्रत्येकीची माफी मागत होतो, कुणाची ते न ठरवता.

मग रडणं ऐकू आलं.

लुगड्याआडून त्याच्या बायकोचा आवाज आला. वर्षाहून जास्त दिवसांनी तिनं त्याला हाक मारली, "अवो! पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत. पानी आना."

मी त्याच्याकडं पाहिलं. त्याला 'पोरगी' ऐकू आलं की नाही कोण जाणे. 'अवो' ऐकू आलं होतं. घडा उचलून तो धावत उमेत शिरला. आणला, ठेवला, दुसरा आणायला पळाला. तिसरा. चौथा. अकरा घडे आणले, मी मोजलेत.

"अवो, बस झालं," ती आतून म्हणाली, आणि आवाजात हसू होतं. "पोरीले पोहाले शिकवता का?"

दुसऱ्या दिवशी तिचं गाठोडं त्याच्या गाडीत होतं. त्या महाग कापसावर ती मांडी घालून बसली होती. सावकारानं त्याच्या गाडीला पुन्हा माल दिला नाही. दोघं चिखलदऱ्याकडं रस्त्याच्या कामावर गेली असं ऐकलं. पुढं आगगाडी आली, लढाई संपली, भाव पडले, आमच्या गाड्या गोठ्याशी लागल्या. तो मला परत भेटला नाही. तिकडून आलेल्यांना मी विचारतो. कुणी म्हणतं पाहिला, कुणी म्हणतं गेला.

मला तो त्या दुपारचाच दिसतो. ती बस म्हणाली तरी बारावा घडा घेऊन उमेच्या पाण्यात गुडघाभर उभा. वर यायचं विसरलेला.