पणजीचं माहेरचं नाव

मस्कतमध्ये रुवीहून अझैब्याला कामावर जाताना बसमध्ये एक पिकल्या केसांची ऑस्ट्रेलियन बाई रोज शेजारी असायची. इटलीतल्या आपल्या पूर्वजांचा शोध तिने नुकताच सुरू केला होता. जुन्या नोंदींचे फोटो मोबाईलवर मोठे करून ती ओठ हलवत वाचायची.

मी फुशारकी मारली, "आमच्या सात पिढ्या मला पाठ आहेत."

"बायकांसकट?" तिने विचारलं. "तिथल्या नोंदीत बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावाने असते. पणजी मला तशीच सापडली."

कबूल करतो, मला आईचंही माहेरचं नाव ठाऊक नव्हतं. घरी येऊन चिपळूणला फोन लावला.

"शेवंती," आई म्हणाली. मग हसली. "पन्नाशीत सुचलं होय रे? आता सुनेलाही विचार. तांदळात अंगठीने लिहून तिचं नाव तूच बदललंस."

फोन स्पीकरवर होता, आणि बायको समोरच भाजी निवडत होती.