मांडीची खुर्ची

आव्वांना खुर्चीतून उठताच येईना. त्यांचा गुडघा खुर्चीच्या हाताखाली अडकला होता. एका बाजूनं वहिनींनी, म्हणजे त्यांच्या सुनेनं, आणि दुसऱ्या बाजूनं मी धरून त्यांना सोडवलं.

"खुर्ची हाय का सापळा? समदा सेट परत न्या," आव्वा म्हणाल्या.

मल्लप्पा मिस्त्रींचा चेहरा उतरला. सोलापुरात त्यांच्या कारखान्यात मी वेत विणायची. भिजवलेल्या वेताच्या पट्ट्यांची जाळी खुर्चीच्या चौकटीत ताणून भरायची, की बसायची जागा तयार होते. आधी आमच्याकडे नक्षीच्या जड खुर्च्या बनत. त्यांना गादी लागे, जाळी नाही. सत्तर सालानंतर नवे बंगले झाले, तशी वहिनींनी मासिकातलं चित्र आणून दिलं. बुटक्या खुर्च्या, निमुळते तिरके पाय, नक्षी अजिबात नाही, बैठक वेताच्या जाळीची. त्यासाठीच मिस्त्रींनी मला कामावर घेतलं होतं. हा पहिलाच सेट. तो परत गेला असता तर माझं कामही गेलं असतं.

"आव्वा, या खुर्चीत पाय खाली सोडून बसायचं असतं," वहिनी म्हणाल्या.

"माझे पाय सुजत्यात. मी मांडीच घालणार. मग तू बस की वर, मी बसते खाली. पाहुणे आले की सासू जमिनीवर, सून खुर्चीवर. लई शोभंल!"

परक्या घरात मी कधी बोलत नसे. मिस्त्रींच्या कानाशी म्हटलं, "आव्वा मांडी घालून बसल्या तर माप घेऊ का?"

"मोठ्यानं सांग की त्यास्नी!" मिस्त्री म्हणाले.

सांगावं लागलं. आव्वा सतरंजीवर बसल्या. मी वेताची पट्टी या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत धरली.

"नीट धर. बारीक दाखवू नगंस, पुन्हा अडकले तर सुनेला बरं वाटंल."

वहिनींना हसू फुटलं. "पाय मात्र तिरकेच हवेत हं, मिस्त्री. सेटला शोभले पाहिजेत."

मिस्त्रींनी एक खुर्ची तशी केली. हात काढले, बैठक रुंद केली. रुंद जाळी मध्ये लोंबते, म्हणून मधोमध लाकडी पट्टी घातली, टोचू नये म्हणून वरून गोल घासली. मी दोन्ही भागांत जाळी भरली.

आव्वा चढून बसल्या. मांडी घातली. जरा हलून पाहिलं. मग म्हणाल्या, "माझा पानाचा डबा आणा हितं."

सेट राहिला. त्या घरी आलेल्या दोन बायकांनी तशीच खुर्ची मागितली.

चित्रातल्या खुर्चीत कुणी बसलेलं नव्हतं, तिथंच आमचं चुकलं. पुढे मिस्त्री ऑर्डर घेताना घरात कोण कसं बसतं ते आधी विचारू लागले. म्हणजे मला विचारायला लावू लागले. बायकांना मांडी घाला म्हणायची त्यांना लाज वाटे. माझी लाज कुणी विचारली नाही. हळूहळू मला बोलायची सवय झाली.