मामीची काळी भुकटी

माझी मामी प्रयोगशाळेत भुकटी भाजते. त्या भुकटीत प्लॅटिनम असतं हे कळल्यापासून नातेवाईक तिच्याशी जरा जास्तच गोड बोलतात. मामा मात्र सांगतो, "आमच्या घरातलं सगळं प्लॅटिनम हिच्या नखांत आहे. तेही अंघोळीनंतर राहत नाही."

हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांची गाठ घालून वीज काढणारी एक पेटी असते. त्या पेटीत ही काजळासारखी भुकटी मध्यस्थ. नुसतं प्लॅटिनम परवडत नाही, म्हणून सोबत कोबाल्ट घालायचा. कोबाल्ट उनाड, जागा पक्की नसली की पेटीतल्या आम्लात उतरून चालू लागतो. भट्टीत नीट तापवलं तर अणू रांगेत बसतात, एक थर प्लॅटिनमचा, एक कोबाल्टचा. जास्त तापवलं तर कण एकमेकांना चिकटून ढेकळं होतात. या दोन्हींच्या मधोमध मामीचा संसार.

भट्टीतून आरपार गेलेल्या नळीच्या टोकाशी नारिंगी उजेड साचतो. मामी त्याच्याकडे बघत बसते. तिला म्हणे आत संध्याकाळ दिसते, आणि चालून चालून आपापल्या दारी पोचणारी असंख्य माणसं.

"पण तापवायचं कशाला?" मी एकदा तिला घरी विचारलं.

"अरे, ऊब मिळाली की त्यांना हलता येतं. हलल्याशिवाय जागा कशी सापडणार?"

"मग हिला जरा सोफ्यावरून हलव," मामा आतून ओरडला.

यंदा प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी स्पष्टच सांगितलं होतं. भुकटी आम्लात टिकली तर काम पुढे. नाहीतर भट्टी शेजारच्या गटाला आणि मामी खरेदी विभागात. भाजी आणायला जाऊन पिशवी रिकामी घेऊन येणारी बाई खरेदी विभागात! मामीची झोप उडाली. प्लॅटिनमचा साठा संपत आला होता, त्यातून तिने जीव ओतून एक घाणा भाजला.

चाचणीसाठी भुकटी कालवताना आधी पाणी घालायचं, मग अल्कोहोल; कोरडी भुकटी अल्कोहोल पेटवते. तिथलं हे बाळकडू. पण चाचणीच्या दिवशी मामी मनाने अजून त्या नारिंगी संध्याकाळीच होती. तिने कुपीत थेट अल्कोहोल ओतलं.

काळ्यात लाल ठिपके उमलले. लुकलुकले, पसरले, आणि वर एक निळसर ज्योत डोलायला लागली. मामी म्हणते, इतकं सुंदर दिसत होतं की घाबरायला उशीर झाला. मग तिने पटकन झाकण दाबलं.

सर धावत आले. "पाणी?"

"राहिलं."

"सगळी घातली होतीत?"

ज्या कागदावर भुकटी तोलली होती, त्याच्या घडीत एक काळी रेघ उरली होती. मामीने बारीक कुंचल्याने ती खाली झाडली. "एक थेंब होईल, सर."

"पेटली म्हणजे जिवंत तरी आहे," सर म्हणाले. त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं.

या वेळी पाणी आधी, तेही मोठ्याने बोलून. काळा थेंब धातूच्या चकतीवर टेकला, वाळला. चकती आम्लात फिरू लागली. विजेचा दाब वर, खाली, पुन्हा वर. पडद्यावर एक वळणदार रेघ उमटली. कोबाल्ट पळाला की ती रेघ खचत जाणार.

खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर सरकलं. चकतीची गुणगुण एकसुरी चालली होती. रेघेवर रेघ येत होती, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी, आणि पहिल्या रेघेहून खाली काही जाईना. मामीच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"खरेदीवाल्यांना सांगतो, दुसरं माणूस बघा," सर म्हणाले.

तेवढ्यात मामाचा फोन. "टिकली का?"

"टिकली. जळली, पण टिकली."

"म्हणजे नक्की काय झालं?"

"घरी आल्यावर सांगते. आत्ता ती फिरतेय."

"बरं, फिरू दे," मामा म्हणाला. "मी भात लावतो."